धुकं काचेवर नव्हतं

लोणावळ्याच्या बाजारात साठ वर्षांपूर्वी एका सुईणीबद्दल असं बोललं गेलं, की तिचा हात लागला आणि माझी बायको गेली. ती सुईण भुशीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत राहायची. बोलणं माझ्या घरातून बाहेर पडलं होतं. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

माझी मुलगी आता साठीला आली आहे. तीही हेच ऐकत मोठी झाली. 'सुईणीनं माझी आई घालवली,' असं ती तिच्या मुलांना सांगते, तेव्हा मी शेजारी बसून चहा पीत असतो. खरं असं आहे की त्या सुईणीनंच माझ्या मुलीला जिवंत बाहेर काढलं. तिच्या आईला वाचवायचा रस्ताही तिनं मला तीनदा सांगितला होता. मी त्या रस्त्यानं गेलो नाही. सांगायचं ते एवढंच. पण ते एका वाक्यात सांगून भागणार नाही, कारण तेव्हाही मी एका वाक्यातच सगळं उरकलं होतं.

मी बाजारात फोटोफ्रेमच्या दुकानात कारागीर होतो. मालक पुढे गादीवर बसायचे, मी मागच्या अंधाऱ्या खोलीत पट्ट्या कापायचो, कोपरे जुळवायचो, हिऱ्याच्या टोकाच्या हिरकणीनं काच कापायचो. बहुतेक काम कॅलेंडरांचं. वर्ष सरलं की लोक खालच्या तारखा कापून वरचा देव फ्रेम करून घ्यायचे. देवाखालोखाल मागणी गुटगुटीत बाळाच्या चित्राला. घरात सून गरोदर राहिली की सासू असं एक चित्र फ्रेम करून न्यायची आणि तिच्या अंथरुणासमोर टांगायची. सकाळी डोळे उघडल्यावर ते दिसलं पाहिजे, म्हणजे बाळ तसं होतं, असं सगळे मानत. मीही मानायचो.

आमच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. फ्रेम करायला देताना कितीतरी लोक हळूच म्हणत, "मागं एवढं ठेवा." अंगाऱ्याची पुडी, पत्रिका, गेलेल्या माणसाचं शेवटचं पत्र, एखाद्या बाळाचं जावळ. आम्ही ते चित्राच्या आणि पाठीच्या पुठ्ठ्याच्या मध्ये सरकवायचो, बारीक खिळे ठोकायचो आणि वरून खळीनं खाकी कागद चिकटवायचो. जे जपायचं आहे पण बघायचं नाही, त्याची ती जागा. कोणी काय ठेवलं ते विचारायचं नाही, असा आमचा रिवाज होता.

बायको सुदुंबऱ्याची. लग्न झालं तेव्हा लय बोलकी. माझ्या मालकांची चाल, बोलणं, तपकीर ओढणं अशी हुबेहूब करून दाखवायची की मला दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहणं अवघड व्हायचं. पहिलं मूल पुण्याला, मोठ्या दवाखान्यात झालं. दोन दिवस जगलं. ते दोन दिवस तिला त्याला नीट पाहू दिलं नव्हतं. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडायची. वेणी घालायची नाही. भाजी चिरायला बसली की विळीवर हात ठेवून तशीच बसून राहायची. तिचा भाऊ गावाहून येऊन तिला दोनदा माहेरी घेऊन गेला, पण तिथंही तेच. असं वर्ष गेलं.

एके दिवशी मी दुकानातली कात्रणं घरी आणली होती, चुलीला लावायला. त्यात कुठल्याशा दूध-पावडरच्या कॅलेंडरवरच्या बाळाचे नुसते पाय होते. वरचा भाग गिऱ्हाईक घेऊन गेलं होतं. मी आंघोळ करून आलो तर तिनं ते पाय वेगळे काढून ठेवलेले.

"बाकीचं कुठंय?" तिनं विचारलं.

कित्येक महिन्यांत तिनं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी म्हणालो, "आणतो."

मी आणत गेलो. बाळं तर आणलीच. पाळणा, पाटी घेऊन शाळेला निघालेली मुलगी, दारात मूल कडेवर घेऊन उभी असलेली बाई, अंगणातला झोपाळा. तिला समुद्र हवा होता, कधी पाहिलेला नव्हता. तो एका आगबोटीच्या कंपनीच्या कॅलेंडरवर मिळाला. चहाच्या खोक्याची प्लायवुडची फळी मी घासून गुळगुळीत केली, तिच्यावर निळा कागद ताणला, आणि ती सांगेल तिथे एकेक चित्र चिकटवलं. ती बाजूला बसून हुकूम सोडायची. "समुद्र खाली. नाही, आणखी खाली. पोरं वरून पडतील ना त्यात!" आणि स्वतःच हसायची. शेवटी वरच्या कोपऱ्यात गणपती बसला. लोणावळ्याच्या हवेत कागदाला बुरशी धरते, म्हणून मी वर काच घातली, चांगली रुंद पट्टी लावली आणि अंथरुणासमोर फळी टांगली.

माझी नात सांगते की याला आता व्हिजन बोर्ड म्हणतात, आणि शिकलेली माणसं मन उभारी धरावं म्हणून तो करतात. करत असतील. आमच्या घरात त्या फळीनं खरंच काम केलं, हे मी नाकारणार नाही. बायको सकाळी उठून आधी हाताचे तळवे बघायची, मग फळी, मगच पाय जमिनीला लावायची. वेणी घालू लागली. मालकांची नक्कल परत सुरू झाली. शेजारच्या बायका फळी बघायला येऊ लागल्या. त्यातली एक म्हणाली, "काय गं, एवढी सगळी एकदम व्हायचीयत का तुला? बारसं करता करता आमचे हात मोडतील!"

"तुम्ही नुसत्या घुगऱ्या खायला या हो," बायको म्हणाली. "हात मोडायचं काम माझ्या नवऱ्याला दिलंय."

पुढे तिला दिवस गेले. मला वाटलं, हे माझ्या फळीनं केलं. माणसाला आपल्या हातच्या कामाचा गर्व असतोच, पण मला त्या फळीचा जो गर्व झाला तो वेगळा होता. बायका म्हणत, "तुमच्या हाताला गुण आहे." मी ते खरं मानलं. मग मी नियम केला, की त्या खोलीत वाईट बोलायचं नाही. कोणाच्या आजाराची, मरणाची, अडलेल्या बाळंतिणीची गोष्ट तिथे काढायची नाही. पुण्याच्या दवाखान्याचं नावही नाही. हा शेवटचा नियम बायकोचा होता. तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "तिथे परत नाही न्यायचं. तिथे नेलंत तर मी परत येणार नाही." मी हो म्हणालो.

सुईण तिसऱ्या महिन्यापासून यायची. पन्नाशीची असेल. सकाळी वाडीतून जळणाची मोळी घेऊन बाजारात उतरायची, मोळी टाकली की ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांच्या घरी डोकवायची. अर्ध्या बाजाराची पोरं तिच्या हातची. कमी बोलायची आणि बोलली की टोचायची. पहिल्यांदा फळी पाहिली तेव्हा बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "येकबी पोर रडत न्हाई व्हय रं ह्यात? आसली पोरं म्या आजून बघितली न्हाईत."

बायको खदखदून हसली. मला ते आवडलं नव्हतं.

श्रावण लागला तेव्हा आठवा चालू होता. ज्यांनी लोणावळ्यातला श्रावण काढला आहे त्यांना सांगायला नको. धुकं दारातून आत येतं, वळणीवरचे कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, काडेपेटीची काडी ओढता ओढता मोडते. काचेवर वाफ धरते. दुकानात रोज सकाळी माझं पहिलं काम म्हणजे टांगलेल्या सगळ्या फ्रेमा पुसणं.

त्या दिवसांत एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, काच पुसा ना. धूसर दिसतंय."

मी पुसली. संध्याकाळी ती परत म्हणाली. मी परत पुसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ह्या बाळाला दोन डोकी झाल्यासारखी वाटतायत." मी म्हणालो, आतून ओल आली असेल. मला यात काहीच वावगं वाटलं नाही. मी काचेचा माणूस. धूसर दिसतंय म्हटलं की माझं डोकं काचेकडेच जाणार. तिच्या डोळ्यांकडे मी पाहिलंच नाही.

बांगड्या तिला घट्ट होत होत्या. पायातली जोडवी निघेनात म्हणून साबण लावून काढली. डोकं दुखतं म्हणायची, कपाळाला सुंठ उगाळून लावायची. मी म्हणायचो, हवाच अशी आहे.

सुईण आली, तिनं बायकोचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तर तिथे खड्डा राहिला. तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "पोरी, डोळ्याम्होरं चमकतंय का गं?"

"नाही," बायको म्हणाली. "काचेवर धुकं आहे, म्हणून जरा..."

सुईण उठली, फळीजवळ गेली, पदरानं काच पुसली आणि बोट लावून पाहिलं. कोरडी होती. ती मागे वळून काही बोलणार तेवढ्यात मी तिला दंडाला धरून बाहेर ओसरीवर आणलं.

"मावशी, तिच्यासमोर काही बोलायचं नाही."

"बरं, तुज्याम्होरं बोलती. काच साफ हाय. हिचं डोळं बिगाडल्यात. पाय बग, कसं भरल्यात. म्या दोन बाया आशा बघितल्यात. दोगींस्नी झटकं आलं. हिला दवाखान्यात ने. हितं न्हाई, पुण्याला. आजच ने."

"आज कसं जमेल?"

"मंग उद्या ने. पर ने."

मी म्हणालो, बघतो. ती निघाली, चार पावलं गेली आणि परत आली. "भिंतीवरच्या पोरांकडं बगू नगंस, बाबा. हिच्या पायाकडं बग."

मी काहीच केलं नाही, असंही नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका डॉक्टरांकडे गेलो. एकटाच गेलो, बायकोला नेलं नाही, कारण नेलं असतं तर तिला कळलं असतं. त्यांना सूज सांगितली, डोकेदुखी सांगितली, काचेचंही सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही इथे काय करताय?" असं म्हणाले. मग परत पेन उचलून पुण्याच्या दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी इंग्रजीत होती, पण खाली माझ्यासाठी मराठीत त्यांनी एक ओळ लिहिली, 'ताबडतोब हलवा.' त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या.

चिठ्ठी खिशात घालून मी दुकानात आलो. संध्याकाळपर्यंत ती खिशातच होती. तो मोठा दवाखाना, ते दोन दिवसांचं मूल, डोक्यावर ठेवलेला हात, सगळं आठवत होतं. तिला पुन्हा त्या दारातून न्यायचं म्हणजे वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेली बाई परत आणायची, असं मला वाटत होतं. हे मी आतापर्यंत स्वतःला सांगत आलो आणि ते खोटं नाही. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. तिला नेलं असतं तर फळी हरली असती. माझ्या हाताला गुण आहे म्हणणाऱ्या बायका मग काय म्हणाल्या असत्या? हा विचार त्या दिवशी माझ्या मनात येऊन गेला होता. ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

निघताना मी दुकानातून नवी काच घेतली, सगळ्यात चांगली, एकही बुडबुडा नसलेली. घरी जाऊन फळी उतरवली, पाठ उघडली, जुनी काच काढून नवी बसवली. चिठ्ठी खिशात होती. घरात ठेवली असती तर बायकोला सापडली असती. तिला वाचता येत होतं. लोकांच्या वस्तू मी फ्रेमच्या मागे इतक्या वेळा सरकवल्या होत्या, की हात आपोआप तिकडेच गेला. बाळंतपण नीट झालं की काढू आणि दोघं मिळून हसू, असं ठरवलं. खिळे ठोकले, वरून खाकी कागद लावला, फळी जागेवर टांगली.

"आता बघ," मी म्हणालो.

ती बघत राहिली. तिनं डोळे बारीक केले, डोकं जरा तिरकं केलं. मग म्हणाली, "हं. आता छान दिसतंय."

आणि पाण्याचा तांब्या घ्यायला तिनं हात पुढे केला, तो तांब्याच्या शेजारी, रिकाम्या जमिनीवर पडला. तिनं चाचपून तांब्या शोधला. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनं पाहिलं की नाही, ते मला माहीत नाही. माझ्यासाठी ती छान दिसतंय म्हणाली होती. त्या क्षणी मला सगळं कळलं. यानंतर मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुईण दारात आली. "नेली न्हाईस?"

"सोमवारी दुकान बंद असतं. सोमवारी नेतो."

"सोमवार तिच्या पोटाला इचारून ठरीवलास का?"

तिचा आवाज चढला होता. आतून बायकोनं विचारलं, "कोण आहे हो?" मी सुईणीला म्हणालो, "तुम्ही असं अभद्र बोलणार असाल तर येऊ नका माझ्या घरी." शेजारच्या बाईनं ते ऐकलं. सुईण म्हणाली, "म्या सुईण हाय, जोशी न्हाई. हाय ते सांगती." आणि मोळीचा रिकामा दोर खांद्यावर टाकून गेली.

ते झालं शुक्रवारी. शनिवारी सकाळी, मी दुकानात निघायला चपला घालत होतो, तेव्हा आत काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला. बायको अंथरुणावर होती, डोळे उघडे, फळीकडे लागलेले. तिच्या टाचा जमिनीवर घासत होत्या. दात एकमेकांवर बसले होते. मी तिला हाका मारल्या. तिला त्या ऐकू येत नव्हत्या.

डॉक्टर वडगावला गेले होते. मी धुक्यातून बाजारभर पळालो. सुईण मोळीजवळ उकिडवी बसली होती. मला पाहताच ती उठली आणि माझ्यापुढे चालू लागली.

तिनं काय केलं ते नीट लिहितो, कारण उलटं सांगितलं गेलं. तिनं बायकोला कुशीवर वळवलं. चमच्याला फडकं गुंडाळून दातांत दिलं, जीभ चावू नये म्हणून. शेजारणीला पाणी तापवायला लावलं आणि मला सांगितलं, "गाडी बग. पोर आत जिती हाय, पर निगंपर्यंत हिला हलवाया यायचं न्हाई. निगाली की लगीच न्यायाची." दुपारी एकच्या सुमारास मुलगी झाली. लहान होती, निळसर होती, रडत नव्हती. सुईणीनं तिच्या तोंडातली घाण बोटानं काढली, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून फुंकलं, पुन्हा चोळलं. बराच वेळ काही नाही. शेजारीण देवाचं नाव घेऊ लागली तर सुईण तिच्यावर खेकसली. मग मुलगी रडली. फळीवरच्या कुठल्याच बाळासारखी ती दिसत नव्हती.

बायको शुद्धीवर आली नाही. पुण्याला दूध नेणारी एक लॉरी मिळाली. तिच्यात कॅन बाजूला सरकवून आम्ही तिला ठेवलं. चिठ्ठी बरोबर घ्यायला हवी होती, हे मला कामशेत मागे पडल्यावर आठवलं. तळेगावच्या अलीकडे लॉरीवाल्यानं गाडी थांबवली, मागे येऊन पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

तिचा भाऊ त्याच संध्याकाळी आला. आम्ही तिला अग्नी देऊन घाटावरून परतलो होतो. तो ओसरीवर बसला होता, डोळे लाल, आणि त्याला कोणावर तरी धावून जायचं होतं. कोणावर, एवढंच त्याला माहीत नव्हतं.

"दाजी," तो म्हणाला, "शेवटचा हात कुणाचा लागला तिला?"

"सुईणीचा," मी म्हणालो.

"सुईनीचा? डाक्टर न्हवता?"

"मी तिला येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. तरी आली होती."

शेजारीण म्हणाली, "हो हो. कालच दारात उभी राहून अभद्र बोलून गेली. मी ऐकलं माझ्या कानांनी."

मी बोललेला एकेक शब्द खरा होता. शेवटचा हात तिचाच होता. तिला येऊ नकोस असं मी सांगितलंच होतं. कोर्टात शपथेवर विचारलं असतं तरी मला त्यातलं काही फिरवावं लागलं नसतं. मेव्हणा उठला. त्याच्याबरोबर बाजारातले आणखी तिघे निघाले. मी त्यांना थांबवलं नाही. मुलगी आत रडत होती, मी तिला घेऊन फळीसमोर बसलो.

वाडीत काय झालं ते मी नंतर तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. तिला कोणी मारलं नाही म्हणतात. तिची सामानाची पिशवी ओढ्यात फेकली, आणि बाजारात कोणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही असं बजावलं. तिनं काहीच सांगितलं नाही. चिठ्ठीचं तिला माहीत नव्हतं, पण तिनं मला बजावलं होतं, सोमवारचं बोलणं तिच्याशी झालं होतं. तेवढंही ती बोलली असती तर कोणीतरी येऊन मला विचारलं असतं. ती बोलली नाही. त्यानंतर बाजारात तिला कोणी बोलावलं नाही. हळूहळू वाडीतलेही बोलावेनासे झाले. पुढच्या वर्षी वाडीतली एक बाई अडली, तेव्हा सुईण शेजारी असून तिला कोणी उठवलं नाही. ती बाई गेली. तो हिशेबही माझ्याच नावावर आहे असं मी धरतो.

मोळी घेऊन ती येत राहिली. माझ्या दुकानावरून जायची. मी मागच्या खोलीत असायचो आणि तरी मला कळायचं. माझी विधवा बहीण घरी राहायला आली, तिनं मुलीला वाढवलं. सुईणीची गोष्ट मुलीला तिनंच सांगितली. मी ती खोडली नाही.

सत्तरच्या दशकातलं एक साल असेल. मालक वारले होते आणि आता गादीवर मी बसायचो. एका दुपारी सुईण दुकानात आली. मला वाटलं, आता सगळं बोलून दाखवणार. पण तिनं पदराच्या गाठीतून एक लहान फोटो काढला. तिचा नवरा होता, कुठल्याशा ओळखपत्रावरचा.

"हे बशीव. काच चांगली घाल. साफ दिसला पायजे."

मी हो म्हणालो. ती उभीच होती.

"पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. शाळेत जाते."

"डोळं?"

"चांगले आहेत."

"मंग झालं," ती म्हणाली. आणि जाता जाता, "फळी हाय का आजून?"

"आहे."

"आसू दे. पोरीच्या आयचं येवढंच हाय."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी फोटो उलटा करून त्याचं माप घेत बसलो. फ्रेम तयार झाली, पण न्यायला ती आली नाही, तिची सून आली. म्हातारी त्या पावसाळ्यात गेली होती.

फळी मुलीकडे आहे. लग्न होऊन ती आंबीला गेली तेव्हा सोबत घेऊन गेली. तिच्या घरात ती आजही अंथरुणासमोर आहे. मन खचलं की ती फळीसमोर बसते. 'आईनं माझी एवढी वाट बघितली,' म्हणते, आणि उठून कामाला लागते. तिचा हा आधार मी काढून घ्यावा का, या विचारात माझी बरीच वर्षं गेली. आता वाटतं की आधार काढायचा नाही. आईनं तिची वाट बघितली हे खरंच आहे. त्यात आणखी एका बाईनं तिच्यासाठी फुंकर घातली, एवढं वाढवायचं आहे.

गेल्या महिन्यात ती फळी घेऊन आली. काचेखाली ओल शिरली आहे, समुद्रावर डाग पडले आहेत. "बाबा, तुमच्याच हातानं काच बदलून द्या ना." मी ठेव म्हणालो. तेव्हापासून फळी माझ्या टेबलावर पालथी पडली आहे. हात कापतात, पण खिळे काढायला अजून जमेल. पाठीचा खाकी कागद तपकिरी झाला आहे. कोपऱ्यावर माझ्याच बोटाचा खळीचा ठसा आहे.

सुईणीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. एकदा मी ते बिघडवलं, आता तिच्या माणसांना न विचारता लिहायचा हक्क मला नाही. मुलीला मी ते तोंडी सांगेन, वाडीचा रस्ताही सांगेन.

रविवारी ती फळी न्यायला येणार आहे. काच मी बदललेली नाही. आधी हे लिहिलेलं तिच्या हातात देईन. मग पक्कड आणि एक पातं देईन, आणि सांगेन की मागचा कागद तू फाड. आत चिठ्ठी असेल. इंग्रजीतलं तिला वाचता येतं. खालची ओळ मराठीत आहे.